परसातील रानपॉपी: २०२३-२४ च्या हिवाळ्यातील नोंदी

१ ऑक्टोबर २०२३, रविवार

घराच्या पूर्वेला, कुंपणाची भिंत आणि मागचा ओटा यांच्यामध्ये, बारा फूट लांब आणि चार फूट रुंद अशी जमिनीची एक पट्टी आहे. तेथे सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत ऊन असते. गेल्या वर्षी याच पट्टीत पॉपीचे बी टाकले होते. त्यातले एकही रोप हाती लागले नाही, आणि बी केव्हा टाकले, किती खोल टाकले, पाणी कसे दिले यांपैकी काहीही लिहून ठेवले नसल्यामुळे चूक कोठे झाली हेही कळले नाही. बँकेत चौतीस वर्षे खातेवह्या सांभाळलेल्या बाईला हे शोभणारे नाही, म्हणून यंदा ही वही घातली आहे.

पॉपी या एका नावाखाली बरीच मंडळी मोडतात. मला हवी आहे ती युरोपातील गव्हाच्या शेतांत तण म्हणून उगवणारी तांबडी पॉपी, म्हणजे शेतपॉपी, शास्त्रीय नाव पापाव्हर ऱ्हीअस, आणि तिच्यापासून बागेसाठी निवडलेली शर्ली जात. जोडीला कॅलिफोर्निया पॉपी घेतली आहे; ती त्याच कुळातील असली तरी केवळ वेगळ्या प्रजातीची नव्हे, वेगळ्या वंशाचीच आहे. दोन्हींची एकेक पुडी आणि ‘मिश्र रानफुले’ असे छापलेली तिसरी पुडी ऑनलाइन मागवली. तिसरीची गरज नव्हती, पण पुडीवरचे चित्र फार देखणे होते.

पुडीवर पेरणीसाठी ‘वसंत किंवा शरद’ असे इंग्रजीत छापले आहे. गेल्या वर्षी मी ते आपल्या पंचांगाप्रमाणे वाचले असावे असा संशय येतो, कारण आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, आणि आश्विनात नाशिकचे ऊन कसे असते ते येथे राहणाऱ्याला सांगायला नको. त्यांच्या शरदातील थंडावा आपल्याकडे मार्गशीर्षाच्या आसपास येतो. या बियांना रुजण्यासाठी मातीचे तापमान साधारण १५ ते २० अंश सेल्सिअस लागते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे ते येथे मिळते, परंतु फार थोडे आठवडे. या वहीतून मला एवढेच शोधायचे आहे की, ते आठवडे नेमके कोणते.

८ ऑक्टोबर, रविवार

राहवले नाही. पसरट कुंडीत चिमूटभर शर्लीचे बी टाकून पाहिले. यंदा पावसाळा कमी झाला आहे आणि आकाश कोरडे आहे. ओट्यावरच्या तापमापकात दुपारी ३४ अंश.

२२ ऑक्टोबर, रविवार

कुंडीत काहीही नाही. सकाळी पाणी द्यावे तर अकरापर्यंत वरची माती वाळून पापडासारखी उचलली जाते, आणि ज्या बियांवर माती घालायची नसते त्या बियांना त्या वरच्या पापडाशिवाय दुसरा आधार नसतो. तिसऱ्या दिवशी तीन-चार अंकुर दिसले होते. संध्याकाळपर्यंत ते झोपले. शिवाय काळ्या मुंग्यांची एक शिस्तबद्ध रांग कुंडीच्या काठावरून भिंतीकडे चालली होती आणि भिंग घेऊन पाहिले तेव्हा प्रत्येकीच्या तोंडात माझे एकेक बी होते. ऑक्टोबरची पेरणी नापास, अशी नोंद करते.

१५ नोव्हेंबर, बुधवार, भाऊबीज

दादा निफाडहून आला होता. त्याची द्राक्षबाग आहे आणि रब्बीला कांदा असतो. जेवण झाल्यावर त्याने पट्टी पाहिली, मातीचा एक ढेकूळ मुठीत दाबला आणि म्हणाला, “ही काळी माती पाणी धरून बसते. कांद्याच्या रोपाला करतो तसा गादीवाफा कर. पाणी मुळाशी थांबलं तर तुझं हे नाजूक रोप मरीने जाईल.” कांद्याच्या रोपवाटिकेचा अनुभव पॉपीला कितपत लागू पडेल याविषयी मला शंका होती, पण दोन्ही बिया बारीक, दोन्ही रोपे कोवळेपणी मर रोगाला बळी पडणारी, तेव्हा त्याचे म्हणणे नाकारण्याजोगे नव्हते.

येताना त्याने दोन गोण्या पोयटा आणि एक गोणी जाड वाळू आणली होती, म्हणजे सल्ला तो घरूनच ठरवून निघाला होता. दुपारी पट्टी एक वीत खोल खणली, मूळची माती, पोयटा आणि वाळू अंदाजे समप्रमाणात मिसळली आणि सहा इंच उंचीचा वाफा करून कडेने विटा लावल्या. शेणखत मुद्दाम घातले नाही. ही पॉपी खताने पानाला जाते आणि मग वाऱ्याने लोळते.

शेजारच्या काकू फराळाचे ताट परत द्यायला आल्या आणि सगळा खटाटोप पाहून म्हणाल्या, “एवढं बी विकत कशाला घेतलंत? अनारशांवर लावतो ती खसखस आहे की घरात, तीच फेका.” हा प्रश्न गंमतीचा नाही. आपल्या डब्यातील खसखस हे अफूच्या झाडाचे बी आहे, आणि तिच्यापैकी काही बी उगवणारे असू शकते. अफूच्या झाडाची परवान्याशिवाय लागवड १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गुन्हा आहे. परवाने केंद्र सरकार देते आणि तेही मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील ठरवून दिलेल्या भागांतील शेतकऱ्यांना. खसखस विकत घेणे आणि खाणे यांत काही वावगे नाही. ती परसात पेरणे मात्र चालत नाही. काकूंना हे सांगितल्यावर त्या ताटाकडे पाहत म्हणाल्या, “म्हणजे आम्ही काय खातोय हो?” खसखशीच्या दाण्यात अफू नसते, ती बोंडाच्या चिकात असते, असे सांगून त्यांची समजूत घातली.

६ तारखेपासून शर्लीचे निम्मे बी ओलसर वाळूत मिसळून फ्रिजमध्ये ठेवले आहे. ओलाव्यात थंडी मिळाली की या बियांची झोप मोडते, असे वाचले होते. निम्मे बी कोरडेच ठेवले आहे, म्हणजे तुलना करता येईल.

१८ नोव्हेंबर, शनिवार

आज मुख्य पेरणी झाली. सकाळी साडेसहाला ओट्यावर १५ अंश, दुपारी ३०.

पॉपीचे बी इतके हलके असते की एका ग्रॅममध्ये साधारण दहा हजार दाणे भरतात. हे वाचून समजत नाही. तळहातावर घेतल्याशिवाय त्याचा अर्थ कळत नाही. हाताच्या रेषेत अडकलेले दाणे मोजले तर चाळीसहून अधिक निघाले, आणि एवढ्या रोपांना वाढायला माझा जवळजवळ निम्मा वाफा लागला असता. चिमटीने थेट पेरायला गेले तर एका जागी दोनशे आणि शेजारी शून्य अशी गत होते. म्हणून पाव ग्रॅम बी एका वाटीभर कोरड्या, चाळलेल्या पांढरट वाळूत मिसळले. वाळूमुळे हाताला पकड मिळते आणि बी कोठे पडले ते काळ्या मातीवर दिसते. प्रथम वाफा झारीने पूर्ण भिजवून तासभर निथळू दिला, नंतर वाळू दोन्ही हातांनी, एकदा लांबीने आणि एकदा रुंदीने, अशी आडवी-उभी फोकली.

बियांवर माती घातली नाही. या बियांना रुजण्यासाठी उजेड लागतो. शेतात नांगर फिरला की दबलेले बी वर येते आणि उगवते, आणि न नांगरल्यास ते मातीत कित्येक वर्षे तसेच पडून राहते. पहिल्या महायुद्धात बेल्जियम आणि फ्रान्समधील तोफगोळ्यांनी उलथलेल्या शेतांवर ही तांबडी फुले अचानक दाटली ती याच कारणाने. माझ्या वाफ्यावर तोफा नाहीत, पण बी मातीला चिकटायला तर हवे, म्हणून देवघरातला जुना पाट वाफ्यावर उपडा ठेवून, त्याच्यावर उभी राहून, पुढे सरकत गेले. पाट उचलला की वाळूचे दाणे मातीत जडवल्यासारखे दिसत होते. घरच्यांनी खिडकीतून हा प्रकार पाहिला आणि काही विचारले नाही.

वाफ्याच्या डाव्या निम्म्यात फ्रिजमधले बी, उजव्या निम्म्यात कोरडे. टोकाच्या तीन फुटांत कॅलिफोर्निया पॉपी. तिचे बी मोठे, मोहरीहून किंचित लहान, म्हणून तिला पातळ मातीचा थर दिला. मिश्र पुडीचे बी एका कोपऱ्यात. चहूकडे हळदीची रेघ ओढली, मुंग्यांसाठी. तिचा उपयोग होतो असे आई म्हणत असे. मी मुंग्यांना ती ओलांडताना पाहिले आहे, पण ओढल्याशिवाय राहवले नाही.

पाणी फक्त हातपंपाच्या तुषारांनी, सकाळी आणि संध्याकाळी.

२७ नोव्हेंबर, सोमवार

काल अवकाळी पाऊस आला. आठव्या दिवशी, म्हणजे परवाच, डाव्या भागात हिरवी सुईची टोके दिसू लागली होती आणि मी फूटपट्टी ठेवून चौरस फुटात किती उगवली ते मोजणार होते. दुपारनंतर आभाळ भरून आले आणि पाण्याचा मारा सुरू झाला. छत्री, जुनी चादर आणि धुण्याची टोपली असे मिळेल ते घेऊन धावले, पण बारा फूट वाफ्यावर एका माणसाने काय धरायचे! पाऊस थांबला तेव्हा वाफ्यावरून वाहून आलेली वाळू उत्तरेच्या विटांच्या कडेला पांढऱ्या किनारीसारखी साचली होती. डावे आणि उजवे बी एकत्र झाले. तुलनेचा प्रयोग येथे संपला. फ्रिजचा उपयोग होतो की नाही हे यंदा मला कळणार नाही.

रात्री दादाला फोन केला. निफाडकडे गारा पडल्या होत्या. त्याची बाग नेमकी फुलोऱ्यात होती, आणि फुलोऱ्यात पाणी बसले की घड कुजतात आणि डावणी हा बुरशीरोग लागतो. तो सावकाश, एकेक प्लॉटचे सांगत होता. मधेच त्याने विचारले, “तुझ्या वाफ्याचं काय झालं?” मी ठीक आहे म्हणाले.

३ डिसेंबर, रविवार

वाफ्याच्या मधल्या भागात रोपे विरळ आहेत. विटांच्या कडेने मात्र हिरवी दोरी ताणावी तशी दाट रांग उगवली आहे. प्रवाहाने बी जेथे नेऊन टाकले, तेथे ते निमूटपणे रुजले. मधल्या रिकाम्या जागी उरलेले बी पुन्हा फोकले. कॅलिफोर्निया पॉपी मातीखाली असल्यामुळे जागेवरच राहिली आणि तिची केसासारखी चिरलेली, राखी-हिरवी पाने वर आली आहेत. पहाटे १३ अंश.

२४ डिसेंबर, रविवार

विरळणी केली. हे काम मला जमत नाही असे नाही, पण त्याला हात घालायला मी आठवडा लावला. कडेच्या रांगेत एका इंचात पाच-सहा रोपे होती आणि प्रत्येकाला अखेर एक वीत जागा लागते. उपटले तर शेजारच्याचे मूळ हलते, म्हणून नखे कापायच्या छोट्या कात्रीने जमिनीलगत कापत गेले. दीडशेहून अधिक रोपे कापली, एकसष्ट ठेवली.

पॉपीला हलवू नये, कारण तिचे सोटमूळ एकदा दुखावले की ती सावरत नाही, असे सगळेच सांगतात. तरीही खात्री करण्यासाठी रांगेतील सहा रोपे चमच्याने मातीच्या गोळ्यासह उचलून मधल्या रिकाम्या जागी लावली. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, आणि वर दोन दिवस उपडी कुंडी.

१४ जानेवारी २०२४, रविवार

सहापैकी पाच गेली. सहावे आहे, पण भावंडांच्या निम्मेच आहे.

खुरपणी करताना मिश्र पुडीच्या कोपऱ्यात एक रोप वेगळे दिसले. माझ्या पॉपीची पाने खोल चिरलेली, दोन्ही अंगांनी केसाळ, हात लावला की खरखरीत. या रोपाची पाने रुंद, कडेला दातेरी, कोबीच्या बाहेरच्या पानासारखी मेणचट आणि निळसर. पाण्याचा थेंब त्यांच्यावर ठरत नव्हता, आणि वरच्या पानांना देठ नसून पानाचा तळ दांड्याला मिठी मारून बसला होता. भिंग लावून तासभर पाहिले. हे अफूचे रोप आहे, याविषयी मनात शंका उरली नाही. पुडीवर घटक फुलांची नावेच छापलेली नव्हती, ‘आकर्षक मिश्रण’ एवढेच. फूल यायच्या आत ते उपटले, तुकडे करून खड्ड्यात पुरले, आणि पुडीत उरलेले बी चुलीत टाकले. विक्रेत्याला लिहिलेल्या पत्राचे उत्तर आलेले नाही. ज्यांना अशी मिश्र पुडी मिळेल त्यांनी पाने पाहावीत, फुलाची वाट पाहू नये. फूल येईपर्यंत शेजारीपाजारी सगळ्यांनी ते पाहिलेले असते.

त्याच कोपऱ्यात पिवळा धोत्राही निघाला. तो कोणी पेरत नाही. गोदाकाठाला आणि पडीक प्लॉटांवर हिवाळ्यात तो आपला आपण असतो. पाने काटेरी, पांढऱ्या शिरांची, आणि मोडले की पिवळाधमक चीक. तोही पॉपीच्याच कुळातला, मूळचा मेक्सिकोकडचा. त्याचे बी मोहरीसारखे दिसते, आणि ते मोहरीच्या तेलात मिसळले गेल्यामुळे १९९८ मध्ये दिल्लीत जलोदरासारख्या सुजेची मोठी साथ आली होती. हातमोजे घालून काढला. कुळातील जी दोन मंडळी मला नको होती ती न बोलावता आली, हे मात्र खरे.

२८ जानेवारी, रविवार

पहाटे ९ अंश, निफाडला नेहमीप्रमाणे याहून कमी. रोपांनी जमिनीलगत पानांची चक्रे धरली आहेत. कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा. साध्या पाण्याच्या तुषाराने धुऊन काढला आणि उरलेल्यावर निंबोळी अर्क फवारला. पाणी आता दोन दिवसांआड.

७ फेब्रुवारी, बुधवार

पहिले फूल. पेरणीपासून एक्याऐंशी दिवस.

पंधरा दिवसांपूर्वी पानांच्या चक्रातून केसाळ देठ निघाले आणि प्रत्येकाच्या टोकाला कळी खाली मान घालून लोंबू लागली. हा आजार नव्हे, हे मला माहीत होते. काकूंना नव्हते, त्यांनी “पाणी कमी पडतंय” म्हणून दोनदा निरोप पाठवला. कळी उमलायच्या आदल्या दिवशी देठ सरळ होतो. काल संध्याकाळी एका कळीचे देठ ताठ झाले आणि दोन हिरव्या निदलांच्या मधल्या फटीत लाल रेघ दिसली, म्हणून आज सहालाच खुर्ची टाकून बसले.

सहा पन्नासला एक निदल सुटले, पण पडले नाही. पाकळीला टोपीसारखे लटकून राहिले. पूर्व उजळत आली आणि सात वाजून दहा मिनिटांनी दुसरे निदल सुटून, दोन्ही एकदम मातीवर पडली. आतल्या चार पाकळ्या ट्रंकेच्या तळाशी वर्षभर दडपलेल्या लुगड्यासारख्या चुरगळलेल्या होत्या. इतक्या लहान कळीत एवढे कापड कसे मावले असेल असे वाटत असतानाच चुण्या एकेक करून सुटत गेल्या, आणि साडेआठला फूल तळहाताएवढे पसरले. पाकळीच्या तळाशी काळा डाग, मध्ये काळसर पुंकेसरांचे दाट वर्तुळ, आणि त्यांच्या मधोमध हिरवी चकती, तिच्यावर चाकाच्या आऱ्यांसारख्या कुक्षीच्या रेघा.

दुपारी चारला वारा सुटला आणि दोन पाकळ्या गळल्या. उद्या काही उरणार नाही.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार, रथसप्तमी

रोज वीस-पंचवीस फुले. लाल, गुलाबी, सालमन, दोन पांढऱ्या किनारीची. सकाळी नऊच्या आत सातेरी आणि फुलोरी मधमाश्या येतात. पॉपीत मध नसतो, केवळ पराग. माश्या पुंकेसरांत अक्षरशः लोळतात आणि त्यांच्या मागच्या पायांवरचे गोळे करड्या-काळ्या रंगाचे दिसतात. दहानंतर पराग संपतो आणि त्या फिरकत नाहीत.

आज एक छोटी चाचणी सुरू केली. शेतपॉपीचे फूल स्वतःच्याच परागाने फळत नाही. परागकण कुक्षीवर पडला तरी झाड तो आपलाच असल्याचे ओळखते आणि त्याची वाढ थांबवते. हे डोळ्यांनी पाहावे म्हणून पाच वेगवेगळ्या झाडांवरच्या उद्या उमलणाऱ्या कळ्यांवर, चक्का बांधायच्या मलमलच्या फडक्याच्या पिशव्या करून चढवल्या. उमलल्यावर पिशवीतूनच बोटाने हलवून त्यांचा पराग त्यांच्याच कुक्षीवर पाडणार.

२५ फेब्रुवारी, रविवार

शर्ली जातीची हकिगत आज लिहिणे योग्य, कारण तिचा पुरावाच समोर उभा आहे. इंग्लंडमधील शर्ली या गावचे धर्मगुरू विल्यम विल्क्स यांना १८८० मध्ये आपल्या बागेच्या एका रानटी कोपऱ्यात, तांबड्या शेतपॉपींच्या गर्दीत, पांढरी किनार असलेले एकच फूल दिसले. त्यांनी त्या एका फुलाचे बी राखले, पुढच्या वर्षी त्यातून आलेल्या रोपांपैकी चांगली तेवढी ठेवली, आणि हे वर्षानुवर्षे करत गेले, तेव्हा कुठे काळा डाग मुळीच नसलेली, गुलाबीपासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांची ही जात स्थिर झाली. म्हणजे खऱ्या शर्लीत काळे काही नको. माझ्या पहिल्या फुलात डागही होता आणि पुंकेसरही काळे होते. तेव्हा पुडीत शुद्ध शर्ली नव्हती, निम्मी तरी रानचीच होती. तक्रार करावी असे वाटत नाही. लाल-काळी फुलेच मला अधिक आवडली.

तरी विल्क्स यांच्या वाटेने दोन पावले जाऊन पाहावे म्हणून, पांढऱ्या किनारीच्या दोन झाडांच्या देठांना पिवळ्या लोकरीचा धागा बांधला आहे. त्यांना पराग कोणाचा मिळाला हे माश्यांनाच ठाऊक, त्यामुळे पुढच्या वर्षी किनार येईलच असे नाही.

कॅलिफोर्निया पॉपीचा बहर आता. केशरी, चार पाकळ्यांची, संध्याकाळी आणि ढगाळ दिवशी मिटणारी. तिच्या कळीवर शंकूच्या आकाराची अखंड टोपी असते आणि फूल ती वर ढकलून देते. नातीला हा खेळ सापडला आहे. ती सकाळी येऊन टोप्या गोळा करते आणि आपल्या बोटांवर बसवते. हे झाड उन्हाला आणि तहानेला शर्लीहून काटक दिसते, आणि नाशिकसाठी दोहोंपैकी एकच सुचवायचे झाले तर मी हिचे नाव घेईन, जरी मन शर्लीकडे असले तरी.

८ मार्च, शुक्रवार

दुपारी ३५ अंश. शर्लीची फुले आता लहान येतात आणि दुपारपर्यंतच टिकतात. खालची पाने पिवळी, काहींवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी. औषध मारणार नाही. झाडांचे काम झाले आहे. दादा म्हणतो, “भुरी बघून तुझा हात पंपाकडे जात नाही हे नवल आहे.” त्याचा जातोच.

१७ मार्च, रविवार

मलमलच्या पिशव्या काढल्या. पाचही बोंडे धरली होती, पण बाजूच्या उघड्या बोंडांच्या तुलनेत बारीक आणि सुकलेली. ब्लेडने उभी चिरून पाहिली. उघड्या बोंडात आतून पडदे असतात आणि त्यांच्या दोन्ही अंगांना तपकिरी दाणे खच्चून भरलेले असतात. पिशवीतल्या बोंडांत पडदे होते, त्यांच्यावर पांढुरकी भुकटी होती, आणि पाचांपैकी चारांत एकही दाणा नव्हता. पाचव्यात अकरा. पिशवीची गाठ सैल राहिली होती की आणखी काही, हे सांगता येत नाही. परंतु कुंडीत एकच रोप लावून बी धरण्याची अपेक्षा करू नये, एवढे यावरून निश्चित म्हणता येईल.

३० मार्च, शनिवार, रंगपंचमी

जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाचे जुने हौद, उघडल्या असल्यामुळे घरात कोणी नव्हते. निवांतपणे बी काढले. बोंड पिकले की वरच्या चकतीखाली भोकांची एक गोल माळ उघडते आणि वाऱ्याने देठ हलला की बी पावडरच्या डब्यातून सांडावे तसे थोडे थोडे सांडते. म्हणून देठ सरळ धरून कापायचे आणि मगच कागदी पिशवीत उलटे करायचे. मी पहिली तीन बोंडे आडवी धरली आणि ती ओट्यावरच रिकामी झाली. कॅलिफोर्नियाची फळे लांब शेंगांसारखी, उन्हात तडकून बी दूर फेकणारी. ती किंचित हिरवी असतानाच तोडून झाकलेल्या सुपात वाळवली, तरी रात्रभर सुपात तडतड चालू होती.

सराफ बाजारातील ओळखीच्या पेढीवर जाऊन बी काट्यावर घातले. वीस बोंडांचे दोन ग्रॅम, म्हणजे बोंडामागे सुमारे हजार दाणे. पेढीवरच्या माणसाने काट्यात काय आहे म्हणून विचारले. “फुलाचं बी” म्हटल्यावर त्याने आकड्याची चिठ्ठीही दिली. ती येथे चिकटवली आहे.

९ एप्रिल, मंगळवार, गुढीपाडवा

वाफा मोकळा केला. हलवलेल्या सहाव्या रोपाने शेवटी एक फूल दिले होते, नखाएवढे, लाल.

पुढच्या वर्षासाठी: ऑक्टोबरमध्ये पेरायचे नाही. दिवाळी लवकर असो की उशिरा, पहाटेचा पारा सलग चार दिवस १६ च्या खाली आल्याशिवाय बी बाहेर काढायचे नाही. निम्मे बी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आणि निम्मे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे अवकाळीने एक घास नेला तरी दुसरा राहील. वाफ्यावर कमानी करून शेडनेट तयार ठेवायचे. फ्रिजची तुलना कुंड्यांत, पावसापासून दूर.

पिवळ्या धाग्याच्या दोन झाडांचे बी वेगळ्या कागदात बांधून, आईच्या कुंकवाच्या पितळी करंड्यात ठेवले. उरलेले दादाला एक पुडी, काकूंना एक.

कामाला येणाऱ्या मावशींनी मला न विचारता वाळलेली झाडे, उरलेल्या बोंडांसकट, कंपोस्टच्या खड्ड्यात टाकली आहेत. त्या खड्ड्यातले खत जुलैमध्ये वांग्यांना, दारापुढच्या तुळशीला आणि काकूंच्या गुलाबांना जाते.